कोरडी जागा

पाणी घोट्याला लागलं, आणि ते चालत होतं. साचलेलं पाणी गार असतं, कुबट असतं, पण ते आपलं जिथल्या तिथे असतं. हे मात्र डाव्या पायाकडून उजव्या पायाकडे हळूहळू, पण ठरवून निघालं होतं. ट्रेसर जागच्या जागी थबकला. डोळ्यांच्या दवाखान्याच्या लिफ्टखालचा खड्डा, रविवार सकाळचे साडेदहा, लिफ्ट वर तिसऱ्या मजल्यावर बंद करून ठेवलेली, तळमजल्याच्या दाराला 'काम चालू आहे' अशी पाटी, आणि खाली पँटी गुडघ्यापर्यंत दुमडलेले, साठीला टेकलेले दोन बाप्ये. कुणी वरून डोकावलं असतं तर म्हणालं असतं, यांना या वयात चळ लागलाय. आणि त्यात खोटं काही नव्हतं. शेजारी टॉर्च घेऊन ओणवा झालेला तो त्याचा मित्र. पेशानं लिफ्टचा मेकॅनिक. जन्म सगळा लिफ्टांच्या खाली काढला म्हणून ट्रेसर त्याला पाताळ्या म्हणायचा, आणि ट्रेसरनं जन्म सगळा मोजणीच्या कचेरीत नकाशे गिरवण्यात काढला म्हणून पाताळ्या त्याला म्हणायचा गिरव्या. "गिरव्या, हलू नकोस," पाताळ्या हळूच म्हणाला, आणि टॉर्चचा झोत त्यानं भिंतीच्या बुडाशी नेला. काँक्रीटच्या फटीत एक खेकडा बसला होता. बोराएवढा, मातकट, एक नांगी दुसरीपेक्षा मोठी. उजेड पडला तरी तो मागे सरला नाही. उलट नांगी उचलून, काय पाहिजे, असं विचारल्यागत बसून राहिला. "हा डबक्यात राहत नाही," पाताळ्या म्हणाला. "याला वाहतं लागतं. अरे, ओढा आहे हा. मरायच्या आधी सापडला बघ आपल्याला." ट्रेसरला आनंद व्हायला हवा होता. अकरा वर्षं दोघांनी रविवारचे रविवार घातले होते ते दुसरं कशासाठी? पण पायाखालून जाणारं पाणी एकदम फार थंड लागायला लागलं.

दोघांची ओळख लिफ्टनंच करून दिली होती, तीस वर्षांपूर्वी. कचेरीची लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधोमध अडकली. आत ट्रेसर एकटा, काखेत नकाशाची सुरळी. वरून कुणीतरी ओरडून म्हणालं, "घाबरू नका, पाऊण तास लागेल. तोवर काहीतरी बोलत राहा, म्हणजे मला कळेल तुम्ही ठीक आहात ते." आता बोलायचं काय? ट्रेसर मुळातच घुम्या. आई म्हणायची, याच्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे विहिरीत पडलेली कळशी काढायची. मग त्यानं सुरळी उलगडली आणि भिंतीला टेकून नकाशाच वाचायला घेतला. हा स्टेशनचा रस्ता, डावीकडे लाकडाची वखार, मग शाळा, शाळेच्या मागे टेकडी. लिफ्ट हलली, दार उघडलं, आणि ग्रीसनं बरबटलेला एक हडकुळा माणूस समोर उभा राहून म्हणाला, "टेकडीच्या पुढे काय आहे ते राहिलं की." तिथून जी सुरुवात झाली ती झाली. पुढे दोन वर्षांनी पाताळ्यानं घर घ्यायचं काढलं तेव्हा तो सगळ्यांत आधी ट्रेसरकडे आला, कारण जमिनीतलं ट्रेसरइतकं कुणाला कळतं, अशी त्याची श्रद्धा. ट्रेसरनं त्या भागाच्या नकाशाची शीट काढली, बोट ठेवलं, आणि छाती पुढे काढून म्हणाला, "कोरडी जागा आहे. डोळे मिटून घे." पाताळ्यानं घेतलं. तळमजला, दोन खोल्या, मागे हातभर अंगण. पहिल्याच वर्षी भिंतीला बुरशी आली. ती आजतागायत आहे.

पाताळ्याचं म्हणणं असं, की शहर ओळखायचं तर गच्चीवर जाऊ नये, लिफ्टच्या खड्ड्यात उतरावं. प्रत्येक लिफ्टच्या खाली पुरुषभर खोल खड्डा असतो, त्यात दोन दणकट स्प्रिंगा असतात, आणि त्यात मेकॅनिकशिवाय कुणी उतरत नाही. माणसं दिवसभर त्याच्यावरून खालीवर करतात आणि कुणाला त्याचा पत्ता नसतो. तिथे किल्ल्या पडतात, कंगवे पडतात, एकदा तर कुणाची कवळी पडली होती. आणि ज्या खड्ड्यांत पाणी येतं तिथे शहराच्या आधी जे काही होतं ते हळूच परत राहायला येतं. कापडदुकानाच्या इमारतीखाली बेडकांची तीन घराणी. बंद पडलेल्या सिनेमागृहाखाली दाराच्या फटीतून येणाऱ्या चिमूटभर उजेडावर वाढलेला नेचा. विमा कचेरीखाली भिंत फोडून आलेली पांढरी मुळं. ते झाड कुठलं म्हणून दोघं शोधत निघाले तर ते सापडलं दोन रस्ते पलीकडे, शाळेच्या कुंपणात, वरून अगदी साळसूद. मग खड्ड्यांवरून त्यांची नजर वर आली. गाड्या लावायच्या पटांगणात एका कोपऱ्यातच लव्हाळं का उगवतं, एका विशिष्ट भिंतीवरच गोगलगाई का चढतात, याची त्यांना खोड लागली. हे सगळं पाणी कुठल्यातरी गाडलेल्या ओढ्याचं असणार, असं पाताळ्या म्हणायचा; नकाशात ओढा नाही, असं ट्रेसर. कुणाला सांगण्यासारखं यात काही नव्हतं. ट्रेसरचं लग्न झालं नव्हतं, आई जाऊनही आता बारा वर्षं झाली होती. सोमवार ते शनिवार तो रविवारची वाट पाहायचा, इतकं साधं होतं ते. आणि सगळ्यांत भारी रविवार विचाराल तर आठ वर्षांपूर्वीचा, वाचनालयाच्या खड्ड्यात मासे सापडले तो. करंगळीएवढे मासे, काचेसारखे, आतलं काळीज लुकलुकताना दिसायचं. दोघं सकाळी दहाला खाली उतरले ते स्प्रिंगांच्या कट्ट्यावर चारपर्यंत बसून राहिले, ना अन्न ना पाणी. पाताळ्या आधी सारखा घड्याळ पाहत होता; मग एकदा त्यानं ते मनगटावरून काढलं आणि खिशात टाकून दिलं. ट्रेसरला ते फार आवडलं होतं. आपल्यासाठी कुणीतरी घड्याळ काढून ठेवलं, असं त्याच्या आयुष्यात त्याआधी झालं नव्हतं.

खेकड्याच्या त्या रविवारी संध्याकाळी घरी येऊन त्यानं पाय पुसले, दिवा लावला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर नेहमीचा नकाशा पसरला. कचेरीतून बाद झालेली जुनी प्रिंट होती ती. ज्या ज्या खड्ड्यात पाणी सापडलं तिथे पेन्सिलीनं ठिपका द्यायचा, असा रिवाज. आजवर बावीस ठिपके झाले होते, सगळे विखुरलेले, दाणे सांडल्यासारखे. त्यानं दवाखान्यावर तेविसावा दिला आणि त्याचा हात थांबला. रेघ काढावी लागलीच नाही. टेकडीच्या पायथ्यापासून निघून, शाळेच्या कुंपणाला घासून, दवाखान्याखालून, सिनेमाखालून, वाचनालयाशी एक वळण घेऊन ती खालच्या कोपऱ्यात नदीला मिळत होती, आणि मिळण्याच्या जरासं आधी ती पाताळ्याच्या घराखालून जात होती. नकाशावर मात्र तिथे काही नव्हतं. पांढरी जागा. त्यानं शीटचा खालचा उजवा कोपरा पाहिला, पाहायची गरज नसताना. 'गिरवणार' या शब्दापुढे बारीक, सुबक, चोवीस वर्षांच्या पोरानं मोठ्या ऐटीत घातलेली आद्याक्षरं होती. त्याचीच.

हा धंदाच असा, की त्यात चूक झाली तर ती दिसत नाही, नसण्यात असते. मूळ नकाशे जाड कापडी कागदाचे, जुन्या मोजणीदारांनी हातानं काढलेले. त्यात रस्ते नि घरं काळ्या शाईनं आणि पाणी फिक्या निळ्या रंगानं भरलेलं असायचं. रोजच्या वापराला मूळ कोण देतो? त्याच्या प्रिंटा काढायच्या आणि त्यावर काम करायचं. पण प्रिंटला काळं तेवढं कळतं. फिकं निळं तिच्यात उतरतच नाही. म्हणून कचेरीत पाय ठेवला त्या दिवशीच हेडट्रेसरनं त्याला टेबलाशी उभं करून सांगितलं होतं, "रस्ते प्रिंटवरून घे, घरं प्रिंटवरून घे, पाणी मात्र मुळावरून. एवढं एक विसरलास तर बाकी काही शिकला नाहीस तरी चालेल." तो विसरला नव्हता. विसरला असता तर बरं झालं असतं. ती शीट नव्यानं गिरवायची त्या दिवशी मूळ आणायचं म्हणजे चिठ्ठी भरायची, रेकॉर्डरूमच्या कारकुनाची सही घ्यायची, आणि कारकून साडेतीनला चहाला गेला की पाचशिवाय परतायचा नाही. आणि पाचला ट्रेसरला बागेच्या फाटकाशी पोचायचं होतं. टेलिफोन कचेरीत एक मुलगी होती, तिच्याशी त्याचं तीनदा बोलणं झालं होतं, आणि तिनं स्वतःहून सांगितलं होतं, पाच वाजता या, काम आहे. त्यानं प्रिंट पाहिली. पाणी नव्हतं. शेजारच्या शिटा पाहिल्या, त्यांवरही नव्हतं. असणार कसं, ओढा इवलासा, याच शीटच्या एका कोपऱ्यात उगवून दुसऱ्या कोपऱ्यात संपणारा. तो स्वतःला म्हणाला, नसेलच. हेडट्रेसरनं विश्वासानं न पाहता सही ठोकली. पाचला तो फाटकाशी होता. तिनं घाईघाईत सांगितलं, माझं लग्न ठरलंय, तुमचा काही गैरसमज व्हायला नको म्हणून बोलावलं. सात मिनिटांत सगळं आटोपलं. तिचा चेहराही आता नीट आठवत नाही; आठवते ती फाटकाची गरम लोखंडी सळई, जी तो बराच वेळ धरून उभा होता. पुढे कधीतरी त्या भागात भराव पडला, इमारती उठल्या, आणि कुणी विचारलंच तर सगळे नकाशाकडे बोट दाखवायचे.

तरीही माणसाची आशा बघा. मंगळवारी त्यानं चौतीस वर्षांनी ती चिठ्ठी भरली. रेकॉर्डरूममध्ये आता एक तरुण मुलगी बसते. "मूळ कशाला लागतंय काका? सगळं संगणकावर आहे की," ती म्हणाली. "तेच जुळतंय का बघतो," तो म्हणाला. तिनं धूळ झटकून सुरळी दिली. खिडकीपाशी नेऊन त्यानं ती उलगडली, कडा हातांनी दाबून धरल्या, आणि त्याला ओढा दिसला. इतका फिका, की श्वास रोखून पाहावं लागत होतं, पण ज्यानं काढला होता त्यानं जीव लावून काढला होता. वळणापाशी रंग किंचित गडद, तिथे डोह असणार. कडेनं लव्हाळ्याच्या बारीक खुणासुद्धा घातल्या होत्या. ट्रेसरला वाटलं, कुणी पाहत नसेल तर त्यावर गाल ठेवावा. मग त्याला वहिनी आठवल्या. पाताळ्याची बायको. तळमजल्यावरच्या त्या घरात वीस वर्षं त्यांनी कपडे वाळवले, गाद्या उन्हात घातल्या, भिंती खरवडल्या, आणि खोकल्या. तो गेला की दारातच म्हणायच्या, "भावजी, तुमच्या नकाशात बघा ना, माझी भिंत कधी वाळायची आहे ते." तो हसायचा. हसायला काय जातं? आठ वर्षांपूर्वी वहिनी मुलीकडे गेल्या, वरच्या पठारावरच्या गावी, आणि तिकडेच राहिल्या. दम्याला तिथली हवा मानवते, पाताळ्या म्हणाला होता. तेव्हापासून तो वर्षातून एकदा दोन दिवस जाऊन येतो, पाहुण्यासारखा, आणि परत आल्यावर आठवडाभर कमी बोलतो. एकदाच, दवाखान्याच्या गच्चीवर पाय सोडून बसला असताना म्हणाला होता, "घरात दुसऱ्या माणसाच्या पावलांचा आवाज नसला ना, की आपलेच पाय परके वाटतात रे." ट्रेसरनं तेव्हाही मान हलवली होती, समजल्यासारखी.

तो आठवडा त्याला खायला उठला. जेवताना, गिरवताना, बसमध्ये उभा असताना त्याच्या डाव्या घोट्याकडून उजव्या घोट्याकडे पाणी चाललेलंच असायचं. सांगावं तर लागणार. ज्याच्या घराखालून गेलं त्याच्यापासून लपवायचं कसं? पण सांगितलं की काय होईल ते त्याला स्वच्छ दिसत होतं. तुझ्या सात मिनिटांपायी माझा संसार मोडला, असं पाताळ्या म्हणेल, आणि ते खरंच असेल. मग रविवार संपला. मग सोमवारनंतर मंगळवार, शनिवारनंतर सोमवार, असं सरळ निवृत्तीपर्यंत आणि त्याच्या पुढे जिथवर जायचं तिथवर. गप्प बसलं तर रविवार राहील, पण त्याच्या शेजारी बसून मासे पाहायचे, बेडूक मोजायचे, ते कुठल्या तोंडानं? शनिवारी त्यानं आरशासमोर उभं राहून दाढी करताना वाक्य म्हणून पाहिलं. पहिल्याच शब्दाला गालाला ब्लेड लागलं.

रविवारी पाताळ्या दारात हजर. गेल्या रविवारचा आनंद अजून ओसरला नव्हता. आता ओढा जिथे उघड्यावर येतो ती जागा शोधायची, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. "असणारच कुठेतरी. इतकं पाणी अंधारात कुठवर दम धरेल?" ट्रेसरला ती जागा आता तोंडपाठ होती, तरी तो मुकाट मागून चालला. मोटारींच्या शोरूमच्या मागे, पत्र्यांच्या कुंपणाच्या आत, नळीएवढी धार उघडी पडून गजभर वाहत होती आणि पुन्हा गटारात शिरत होती. एवढ्याशा त्या पाण्यावरच्या वायरीवर एक खंड्या बसला होता. शहराच्या मधोमध, निळा, चोच खाली रोखून. पाताळ्यानं ट्रेसरचं मनगट घट्ट धरलं. तासभर दोघं पत्र्याच्या भोकाला आळीपाळीनं डोळा लावून उभे होते. खंड्यानं दोनदा बुडी मारली, दोन्ही वेळा रिकामा आला, पुन्हा त्याच जागी बसला. "याला कुणी सांगितलं असेल इथे पाणी आहे म्हणून?" पाताळ्या म्हणाला. सांगायची वेळ तीच होती. ट्रेसरनं तोंड उघडलंही. पण मनगटावर तो खरखरीत, उबदार हात होता, आणि त्याला वाटलं, हात सुटला की सांगू. हात सुटल्यावर वाटलं, चालता चालता सांगू. चालता चालता पाताळ्याच म्हणाला, "चल, घरी चहा पिऊ."

चहा पाताळ्यानंच केला, नेहमीसारखा दूध कमी नि साखर जास्त. खोलीत भिंतीला टेकून काही ठेवलेलं नव्हतं. कपाट, खाट, खुर्च्या सगळं वीतभर पुढे ओढलेलं, त्यामुळे खोली आवळल्यासारखी वाटायची. ही वहिनींची रीत, अजून तशीच. ट्रेसरनं कप खाली ठेवला. "हे घर मीच तुला घ्यायला लावलं," तो म्हणाला.

"मग? तुझ्या सांगण्यावरून लग्न नाही केलं हे नशीब."

"कोरडी जागा आहे म्हणालो होतो. इथून ओढा जायचा. मूळ नकाशात आहे, मी मंगळवारी पाहिला. ती शीट मी गिरवली होती. पाणी मुळावरून घ्यायचं असतं, ते मी घेतलं नाही. मला पाचला जायचं होतं."

पाताळ्यानं चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाला, "कुठे जायचं होतं?"

"टेलिफोन कचेरीतली एक मुलगी होती. तुला कधी बोललो नाही."

"बरं. मग?"

"तिचं लग्न ठरलं होतं. तेवढंच सांगायला आली होती."

पाताळ्याला हसू फुटलं. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले. "म्हणजे तेलही गेलं नि तूपही गेलं. शाबास रे गिरव्या."

"चेष्टा करू नकोस," ट्रेसर म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना. "वहिनी गेल्या त्या माझ्यामुळे. ही ओल माझी आहे. आठ वर्षं तू इथे एकटा राहतोस ते माझ्यामुळे. मला काय बोलायचं ते बोल, पण हसू नकोस."

पाताळ्याचं हसणं थांबलं. त्यानं कप दोन्ही हातांत धरला आणि त्यात पाहत राहिला. बाहेर कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. "ती ओलीपायी नाही गेली," तो म्हणाला. "दमा वगैरे मी सांगत आलो. खोकला होता, नाही असं नाही. पण खोकत खोकत ती वीस वर्षं राहिलीच ना? तिनं जागेची अदलाबदल ठरवली होती. याच इमारतीत, चौथ्या मजल्यावरची म्हातारी, तिला गुडघ्यांपायी खाली यायचं होतं. दोन वर्षं खपली ही त्याच्यामागे. कागद हिनं केले, सोसायटीची संमती हिनं आणली, म्हातारीच्या मुलाला हिनं पटवलं. माझी फक्त सही हवी होती. रविवारी अकराला. मी म्हटलं, जरा जाऊन येतो, तासाभरात."

"कुठल्या रविवारी?" ट्रेसरनं विचारलं, पण त्याला कळलं होतं.

"वाचनालयाखाली मासे होते तेव्हा. आलो तेव्हा ती तयार होऊन तशीच बसलेली होती, पर्स मांडीवर. म्हातारीच्या मुलानं दुसऱ्याला शब्द देऊन टाकला होता. ती भांडली असती तर मी पाय धरले असते. भांडली नाही रे. एवढंच म्हणाली, तुम्हाला ओलच आवडते ना, मग राहा तिच्याजवळ. लोकांना काय सांगणार? भिंतीवर ढकललं. भिंत काही बोलत नाही."

आठवडाभर ट्रेसर जे ओझं घेऊन फिरत होता ते त्याच्या हातून कुणीतरी काढून घेतलं, आणि त्याच्या जागी दुसरं ठेवलं. आयुष्यातला सगळ्यांत भारी रविवार. तिकडे घरी कुणीतरी मांडीवर पर्स घेऊन बसलं होतं, आणि इकडे खड्ड्यात तो एका माणसानं घड्याळ काढून ठेवलं म्हणून सुखावला होता. "मला सांगायचं होतंस," तो म्हणाला.

"सांगितलं असतं तर पुढच्या रविवारी आला असतास?"

ट्रेसरनं खूप वेळ विचार केला. "नसतो आलो."

"म्हणून नाही सांगितलं," पाताळ्या म्हणाला.

चहावर साय धरली. एकमेकांपासून काय लपवलं आणि कशासाठी लपवलं, ते आता टेबलावर होतं, आणि दोघांचं अगदी सारखंच निघालं होतं. ट्रेसरला एकदम या माणसाविषयी इतकी माया दाटून आली, की त्याला भिंतीकडे पाहावं लागलं. इथेच थांबावं, असं त्याला वाटलं. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही, उरलेले रविवार किती सोपे जातील. आपण दोघं, खंड्या, खेकडा. त्यासाठी काही करायचं नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसणं त्याला जन्मापासून येत होतं. "तू तिला कधी विचारलंस का?" तो म्हणाला.

"काय विचारू? तिकडे गेलो की नातवाचं बोलतो, हवेचं बोलतो. फोन मुलगीच करते."

"आता कर."

"काय म्हणून करू? काय बोलतात अशा वेळी?"

"मला काय विचारतोस? मी कुणाला फोन केलाय आजवर?" ट्रेसर म्हणाला. "कर तू. मी कप विसळतो."

त्यानं नळ मोठा सोडला, ऐकू येऊ नये म्हणून, तरी ऐकू आलंच. "मी बोलतोय. नाही, सगळं ठीक आहे. सहजच. जेवलीस का?" मग बराच वेळ काही नाही. "हं." पुन्हा काही नाही. "हं. चुकलंच माझं. नाही, आज नाही सुचलं, रोजच सुचायचं." कप स्वच्छ झाले होते, तरी ट्रेसर ते विसळत राहिला, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. "येऊ का?" असं पाताळ्यानं विचारलं तेव्हा त्यानं नळ बंद केला आणि ओल्या हातांनी तसाच उभा राहिला. उत्तर त्याला ऐकू येणं शक्य नव्हतं.

पाताळ्या स्वयंपाकघराच्या दारात आला. चेहरा धुतल्यासारखा झाला होता. "ये म्हणाली नाही," तो म्हणाला. "नको असंही म्हणाली नाही. म्हणाली, येताना तुमचा तो जाड स्वेटर आणा, पुढे इथे गारठा पडतो." मग तो घुटमळला. "गिरव्या, दोन दिवसांसाठी स्वेटर लागतो का रे?"

"नाही लागत," ट्रेसर म्हणाला.

सहाची गाडी होती. रजा म्हणाल तर पाताळ्याची इतकी साठली होती, की कंपनीच त्याला हात जोडायची, घे बाबा एकदाची. निवृत्तीला उरलेल्या वर्षाचं काय, परत कधी, असलं काही ट्रेसरनं विचारलं नाही, आणि पाताळ्यानंही सांगितलं नाही. एकदाच, कपाट धुंडाळता धुंडाळता तो म्हणाला, "तू पण चल की," आणि लगेच दोघांनाही कळलं की हे नुसतं म्हणायचं म्हणून आहे. "मी कशाला?" ट्रेसर म्हणाला. त्यानं शर्टांच्या घड्या घातल्या, त्या त्याला नेटक्या जमत. औषधं एका पिशवीत बांधली, दाढीचं सामान दुसऱ्या. पाताळ्यानं तळाशी हिवाळी पँटी ठेवल्या, वर चादर ठेवली, आणि सगळ्यांवर तो राखाडी स्वेटर, गोधडीएवढा जाड. बॅगेचं झाकण लागेना. पाताळ्यानं गुडघ्यानं दाबून पाहिलं, शिव्या घातल्या, स्वेटर काढून पाहिला, पुन्हा ठेवला.

"थांब," ट्रेसर म्हणाला, आणि तो बॅगेवर बसला. पाताळ्या खाली उकिडवा बसून एका टोकाकडून चेन ओढत यायला लागला, दात आवळून, अर्धी आली, कोपऱ्यात अडली. "अजून जरा जड हो," तो म्हणाला. ट्रेसरनं पाय जमिनीवरून उचलून घेतले आणि सगळा भार खाली सोडला. चेन कोपऱ्यावरून सरकली, पुढे आली आणि शेवटाला जाऊन लागली. "झालं, ऊठ," पाताळ्या म्हणाला. ट्रेसरला ऐकू आलं होतं, पण तो आणखी थोडा वेळ तसाच बसून राहिला.